आबांची .315: कुठल्या कामाचे पैसे वसूल झाले आणि कुठल्या नाही

निकाल आधी सांगतो, कारणं नंतर. जुनी .315 रायफल सुधारून घ्यायची असेल तर पैसे आधी लाकडावर घाला, मग मॅगझिनवर, आणि उरलेच तर रंगावर. दुर्बिणीवर अजिबात घालू नका. आमची रायफल मिरजेकडच्या एका परवानाधारक मिस्त्रींकडून करून आणली. लाकूडकाम पहिल्या दर्जाचं, मॅगझिन आणि एक्स्ट्रॅक्टरचं (टरफल ओढणाऱ्या आकड्याचं) काम चोख, ब्लूइंग, म्हणजे लोखंडावर काळा रंग चढवणं, सुमार, आणि दिलेली तारीख पाळण्याच्या बाबतीत मिस्त्री साफ नापास. दुकानाचं नाव लिहिणार नाही. हत्यारं ठेवलेल्या जागेचा पत्ता चारचौघांत वाटायचा नाही, ही नोकरीतली सवय आहे. ज्याच्याकडे परवाना आहे त्याला विचारपूस करून असं दुकान सापडतंच.

मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो. एसएलआर, इन्सास, कारबाइन, एलएमजी, सगळ्यांची पोटं उघडून बसण्यात उमेदीची वर्षं गेली. मग स्वतःच्या घरातली साधी बोल्टची रायफल दुसऱ्याच्या टेबलावर का ठेवली? कारण शस्त्र अधिनियम, 1959. त्याच्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, आणि माझ्याकडे आहे तो रायफल बाळगण्याचा. साफसफाई, तेलपाणी, चिंदी मारणं घरी. कानस हातात घ्यायची वेळ आली की दुकान. त्यामुळे आयुष्यभर दुसऱ्यांच्या रायफली तपासलेला माणूस स्टुलावर बसून दुसऱ्याचे हात बघत होता. मिस्त्रींना ते किती जड गेलं असेल ते तेच जाणोत, पण या परीक्षणाला त्याचा उपयोग झाला.

आता रायफलीबद्दल. इशापूरच्या कारखान्यात बनलेली .315 स्पोर्टिंग, पाच काडतुसांचं मॅगझिन. बाहेरून शिकारी बंदूक दिसते, आत मात्र थेट ली-एनफिल्डचा वंश आहे: जेम्स पॅरिस ली यांची ॲक्शन (काडतूस चढवणारी-झाडणारी यंत्रणा), मागच्या बाजूला अडकणारा बोल्ट, आणि बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाणारी स्प्रिंग. पहिल्या महायुद्धात आपल्या भागातली पोरं फ्रान्स आणि मेसोपोटेमियात याच घराण्याची .303 खांद्याला लावून गेली. साताऱ्याकडचं अपशिंगे मिलिटरी गाव आमच्यापासून लांब नाही, तिथल्या त्या युद्धातल्या जवानांच्या स्मारकाशी उभं राहिलं की ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. पण .303 सामान्य माणसाला मिळत नाही. लष्कराची काडतुसं बाहेर फुटू नयेत म्हणून इंग्रजांनी ते बोअर (नळीचं माप) बंद ठेवलं, आणि स्वातंत्र्यानंतरही ते प्रतिबंधितच राहिलं. नागरिकांसाठी तीच ॲक्शन वेगळ्या काडतुसासाठी कापली गेली. हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं, 8 बाय 50 मिलिमीटर, तळाला कडा असलेलं. .315 इंच म्हणजेच 8 मिलिमीटर. म्हणजे शरीर इंग्रजी, घास ऑस्ट्रियन आणि जन्म हुगळीच्या काठावर. असलं त्रांगडं जगात दुसरीकडे फारसं सापडणार नाही, पण ते चालतं, आणि चांगलं चालतं.

रायफल आबांनी तरुणपणी घेतली. कारण नेहमीचं, ऊस आणि रानडुकरं. प्रत्यक्षात डुकरावर तिनं कधी गोळी झाडली नाही, आणि ते बरंच झालं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर वनखात्याच्या परवानगीशिवाय शेतातल्या डुकरावरही गोळी चालवता येत नाही. हातात शस्त्राचा परवाना आहे म्हणजे शिकारीचाही आहे, हा गैरसमज आमच्याकडे आजही पारावर ऐकू येतो. आबांची रायफल भिंतीवरून पेटीत आणि पेटीतून माळ्यावर गेली. 2016 च्या शस्त्र नियमांत सोय आहे: परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा त्यानं शस्त्र 25 वर्षं बाळगलं, तर तो वारसाच्या नावावर ते देऊ शकतो. त्यासाठी कोणी मरायची वाट बघावी लागत नाही. आबांनी तो अर्ज केला, कलेक्टर ऑफिस आणि पोलीस पडताळणी यथावकाश पार पडली आणि रायफल माझ्या नावावर आली.

आली ती कॅनव्हासच्या गवसणीत. ही गवसणी रायफलीची सगळ्यात मोठी वैरीण. पावसाळ्यात कापड हवेतली ओल पितं आणि लोखंडाला चिकटून बसतं. बाहेर काढली तेव्हा नळीच्या डाव्या अंगाला, जिथं कापड टेकलं होतं तिथंच, तांबूस पट्टा होता. आतून नळी सुदैवानं बरी होती, आतल्या पिळाची घरं स्पष्ट दिसत होती. पुढचं लाकूड मात्र दोन्ही हातांनी धरून हलवलं की टकटक वाजायचं. दुसरं काडतूस चढताना अडायचं. रिकामं टरफल कधी बाहेर उडायचं, कधी तिथंच पडून राहायचं.

रेंजवर एकदा पाच गोळ्या घेतल्या. पुण्याच्या बाजूला मोठ्या बोअरला मान्यता असलेली रेंज आहे, ओळखीच्या सभासदामार्फत रीतसर परवानगी काढून गेलो होतो. 100 मीटरवर, वाळूच्या पोत्यावर टेकवून, दहा इंचांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा. कागदावर खाली एक, वर दोन, डावीकडे लांब एक आणि पाचवी कुठंतरी मधे. असा विखुरलेला ग्रुप दिसला की नेम धरणाऱ्याला दोष द्यायच्या आधी लाकूड बघायचं, असं आम्हाला शिकवलेलं.

मिस्त्रींकडे जाताना बोल्ट वेगळा, रायफल वेगळी आणि परवान्याचं पुस्तक खिशात, असा थाट. माझा परवाना राज्यभर चालतो म्हणून जिल्हा ओलांडायची अडचण नाही. ज्यांच्या परवान्यावर फक्त जिल्हा लिहिलाय त्यांनी आधी ते बघून घ्यावं. पेठ नाक्यावरून आष्टा, सांगली करत मिरज. रस्त्याबद्दल लिहीत नाही, तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

दुकान पारखायचं कसं? मी तीन गोष्टींकडे बघत होतो. आत गेल्यावर मिस्त्रींनी रायफल हातात घेतली, मॅगझिन काढलं, चेंबरमध्ये करंगळी घालून बघितली, आणि मगच "या, बसा" म्हणाले. पहिली गोष्ट जमली. मग परवाना घेऊन बॉडीवरचा नंबर आणि बोल्टवरचा नंबर रजिस्टरात उतरवला, दोन्ही जुळतात का ते भिंगातून पाहिलं. या रायफलीचा बोल्ट ज्याचा त्याला बसवलेला असतो. सारखा दिसतो म्हणून दुसऱ्याचा घातला तर काडतुसाच्या मागची फट बदलते, आणि जास्त फट म्हणजे टरफल फाटण्याची भीती. तिसरी परीक्षा दस्त्याची. या घराण्यातल्या लष्करी नंबर वन रायफलीत दस्त्याचा लांब बोल्ट पुढे चौकोनी टोकानं लाकडात शिरलेला असतो. पुढचं लाकूड न काढता तो फिरवला की लाकडाचा मागचा भाग चिरतो. कितीतरी चांगली लाकडं अशा घाईनं गेली आहेत. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, थांबले, खाली ठेवला आणि आधी पुढचं लाकूड उतरवलं. मी काही बोललो नाही. ते मात्र न बघता म्हणाले, "फौजी, तुम्ही याचीच वाट बघत होता ना?"

दुकानात त्यांचा भाचा बसतो. पोरगा हुशार, पण त्याचा सगळा जीव मालाच्या विक्रीत. मोबाइलवर चित्रं दाखवून काळा प्लॅस्टिकचा दस्ता, वर पट्टी, पट्टीवर दुर्बीण, खाली दोन पायांचा स्टँड असं सगळं पाकीट त्यानं माझ्यापुढे मांडलं. "काका, एकदम स्नायपर लुक येईल." आता या ॲक्शनवर दुर्बीण नीट बसवायची तर बॉडीला भोकं पाडावी लागतात. कडक पोलादात वाकडं भोक पडलं की रायफल कायमची नासली. शिवाय टकटक वाजणाऱ्या लाकडावर दुर्बीण बसवून काय मिळणार? गोळ्या तशाच विखुरणार, फक्त त्या मोठ्या दिसणार. आबा शेजारी बसले होते. त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून बघितला आणि परत दिला. "पोरा, ही आमची हाय का? वळखू येईना." भाच्यानं पाकीट आवरलं.

कामाकडे येतो. आधी भरवशाचं, कारण जी रायफल काडतूस घेत नाही तिचा नेम कितीही चांगला असो, काय उपयोग.

कडावाल्या काडतुसांची एक खोड आहे. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते. मागे राहिली तर बोल्ट वरच्याला ढकलतो, ते खालच्याला ओढतं, आणि दोन्ही अडून बसतात. त्यामुळे भरणाऱ्याचा हात महत्त्वाचा, पण आमच्याकडे हात सोडून मॅगझिनचाच दोष होता. वरचे ओठ, म्हणजे पत्र्याच्या आत वळलेल्या कडा, एका बाजूला उघडल्या होत्या. कोणीतरी कधीतरी पेटी वरून खाली टाकली असणार. मिस्त्रींनी पितळेचा ठोकळा आत घालून लाकडी हातोडीनं ओठ हळूहळू वळवले, आणि प्रत्येक ठोक्यानंतर ड्रिल काडतुसं घालून बघत राहिले. ड्रिल काडतूस म्हणजे दारू नसलेलं, सरावाचं. खरं काडतूस टेबलावर येऊच दिलं नाही, आणि माझ्या दृष्टीनं दुकान चांगलं असल्याची हीच खूण. मॅगझिनची स्प्रिंग दमली होती, ती बदलली.

इथं एक तिरकी आठवण येते. कारगिलच्या थंडीत इन्सासच्या प्लॅस्टिक मॅगझिनला तडे जात असल्याची तक्रार सगळ्या देशानं वाचली. लोक नळीबद्दल बोलतात, बोअरबद्दल बोलतात, पण अडते ती बहुतेक वेळा पत्र्याची नाहीतर प्लॅस्टिकची ही स्वस्त डबी.

एक्स्ट्रॅक्टर हा बोल्टच्या डोक्यातला बारका आकडा. तो टरफलाची कड धरून मागे ओढतो, आणि बॉडीच्या डाव्या भिंतीत एक छोटा स्क्रू असतो त्यावर आपटून टरफल बाहेर उडतं. आमच्या आकड्याची धार गेली होती आणि खालची पानासारखी स्प्रिंग मऊ पडली होती. दोन्ही नवीन. चेंबरमध्ये जुन्या तेलाचा पिवळा थर सुकून वार्निशासारखा झाला होता, तोही टरफल धरून ठेवत होता. लाकडी काठीला चिंदी गुंडाळून त्यांनी तो काढला. पॉलिश पेपर लावला नाही, हे मुद्दाम लिहितो. चेंबरला पेपर लावून मोठं करून ठेवणारे कारागीर मी पाहिलेत. शेवटी गेज घालून काडतुसामागची फट तपासली. ती मर्यादेत होती, त्यामुळे बोल्टच्या डोक्याला हात लागला नाही.

चापाबद्दल माझा आणि भाच्याचा वाद झाला, मिस्त्री माझ्या बाजूनं होते. या रायफलीचा चाप दोन टप्प्यांचा: पहिला दाब सैल, मग अडतो, मग दुसरा दाब. लष्करी एनफिल्डमध्ये पहिला तीन-चार पौंडांचा आणि दुसरा पाच-सहा पौंडांचा असायचा. भाचा म्हणे, हलका करून देतो, स्पर्श झाला की सुटेल. शेतावर, चिखलात, थंडीनं बोटं आखडलेल्या माणसाच्या हातातली रायफल स्पर्शानं सुटता कामा नये. मिस्त्रींनी फक्त घासणारे पृष्ठभाग गुळगुळीत केले, कोन बदलला नाही. पूर्वी दुसऱ्या दाबात मधेच खरखर लागायची, ती गेली. वजन जवळपास तेवढंच राहिलं. मला हवं होतं ते एवढंच.

आता लाकूड. इथं मिस्त्रींनी माझे पैसे वसूल करून दिले.

गोळी सुटते त्या क्षणी नळी थरथरते. ती थरथर थांबवता येत नाही, पण दरवेळी सारखी ठेवता येते. बॉडी लाकडात दरवेळी त्याच जागी, तेवढ्याच दाबानं बसली तर गोळ्या एकाच ठिकाणी जातात. या रायफलीचा धक्का बॉडीच्या मागच्या खांद्यांवरून पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला मिळतो. वर्षानुवर्षं तेल मुरून ते लाकूड मऊ होतं, धक्क्यानं दबतं आणि फट पडते. मग प्रत्येक गोळीला बॉडी थोडी मागे सरकते आणि वेगळ्या जागी विसावते. बाहेरून काही दिसत नाही, फक्त कागदावर ग्रुप उघडा पडतो. आमच्या लाकडात ही फट इतकी होती की जाड कागद आत जात होता.

त्याहून लपलेला दोष पुढच्या मोठ्या स्क्रूपाशी. गोरे आर्मरर त्याला किंग स्क्रू म्हणायचे. त्याच्याभोवती लोखंडी नळकांडं असतं, लाकूड चिरडू नये म्हणून. लाकूड सुकून आखडलं की नळकांडं त्याच्यापेक्षा उंच ठरतं. मग स्क्रू कितीही आवळा, तो लोखंडावर लोखंड आवळतो, लाकूड मोकळंच राहतं. मालकाला वाटतं, घट्ट तर आहे! मिस्त्रींनी ते नळकांडं कानशीनं अगदी थोडं उतरवलं आणि स्क्रू पहिल्यांदा लाकडाला भिडला.

मागच्या टोकाचं मऊ लाकूड त्यांनी चौकोनी खाच पाडून काढलं आणि तिथं शिसवीचे दोन तुकडे बसवले. हे तुकडे आले कुठून ते ऐका. मिस्त्रींचे साडू तानपुऱ्याच्या खुंट्या करायचे. खुंट्यांसाठी वर्षानुवर्षं वाळवलेली शिसवी त्यांच्याकडे पडून होती. मिरजेत हे ऐकून कोणी चकित होणार नाही. तिथल्या सतारमेकरांचं मूळच शिकलगारांत, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांत, आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तसे फरीदसाहेब आणि त्यांच्या घरातले लोक वाद्यांकडे वळले, असा त्या पेठेचा इतिहास सांगतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वाद्य करणाऱ्यांकडचं लाकूड आमच्या निमित्तानं परत हत्यारात आलं. रायफल मात्र दुकानातून हलली नाही, साडूंकडे गेलं ते फक्त लाकूड. तेही विचारून, रजिस्टरात लिहून.

साडू वयस्कर, कमी बोलणारे. दुकानात येऊन त्यांनी बॉडीच्या खांद्यांना दिव्याची काजळी लावली, लाकूड बसवलं, काढलं, आणि जिथं काळा डाग उठला तिथलं तेवढंच कापलं. पुन्हा काजळी, पुन्हा डाग. दोन्ही खांद्यांचा डाग सारखा आणि पूर्ण उठेपर्यंत हे चाललं. फौजेतही आम्ही हेच करायचो, पण एवढ्या पातळ कापानं नाही. त्यांच्या पटाशीखाली निघणारी शिसवीची साल उजेडात धरली तर आरपार दिसत होती. मी बेडिंगसाठी (बॉडीच्या लाकडातल्या बसणुकीसाठी) सरळ अराल्डाइट भरायचं सुचवलं होतं, हल्ली बरेच जण तेच करतात आणि ते चुकीचंही नाही. त्यांनी अराल्डाइट वापरलं ते फक्त तुकडे चिकटवायला. बसणूक लाकडाचीच ठेवली. पुढे नळीच्या बाजूनं सगळीकडे सारखी मोकळीक दिली, कारण पावसाळ्यात लाकूड फुगून एकाच अंगानं नळीला दाबलं की नेम ऋतूप्रमाणे फिरतो. शेवटी आतून-बाहेरून जवसाचं कच्चं तेल, पातळ हात, दोन हातांत भरपूर अंतर ठेवून. आतल्या बाजूला तेल द्यायला बरेच जण विसरतात, आणि ओल आत शिरते तीही तिथूनच.

नळीच्या तोंडाचंही थोडं काम निघालं. नळी पुसायची दोरीची पुलथ्रू तिरकी ओढली की वर्षांनी तोंडाची एक कड झिजते, आणि गोळी बाहेर पडताना शेवटचा धक्का एका बाजूनं बसतो. आबांच्या काळापासून ती झीज होती. भाच्याचा सल्ला, पुढून इंचभर कापून नवं तोंड करा. कायद्याच्या कलम 6 मध्ये वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करण्यावर सरळ बंदी आहे. मिस्त्रींनी त्याला चहा आणायला पाठवलं आणि गोल मुंडीच्या पितळी खिळ्याला घासपेस्ट लावून तोंडाची कड हातानं समान केली. नळीची लांबी आहे तेवढीच.

आता नाराजीचं. ब्लूइंग. गंजाचा पट्टा घासल्यावर नळी पुन्हा काळी करायची होती. गरम टाकीतलं ब्लूइंग टिकतं, पण ते करायचं तर सगळी नळी खारट द्रावणात उकळावी लागते, आणि ती सोय त्यांच्याकडे नाही. त्यांनी बाटलीतलं थंड ब्लूइंग फडक्यानं लावलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली छान दिसलं. घरी अंगणात आणलं तर मधे निळसर, टोकाला करडं. हाताळण्याच्या जागी काही आठवड्यांत रंग उतरला. यासाठी 2,500 रुपये घेतले ते जास्त. याच पैशात नुसतं गंज काढून रोज तेलाचा हात फिरवला असता तरी चाललं असतं. आणि तारीख! श्रावणात देतो म्हणाले, गणपती झाले, दसरा झाला. फोन केला की "उद्या शेवटचा हात मारतो". चांगले कारागीर असेच असतात असं म्हणून लोक सोडून देतात. मी सोडत नाही. पन्नास किलोमीटरच्या पुढून येणाऱ्या माणसाला खरी तारीख सांगायला काही पैसे पडत नाहीत.

दस्त्याला रबरी पॅड मात्र बरं. आबांच्या हट्टानं बसवलं, धातूच्या पट्टीचा धक्का खांद्याला कमी लागतो. पण पॅडमुळे दस्ता लांब होतो. आखूड हाताच्या माणसानं आधी लांबी मोजून घ्यावी.

काम झाल्यावर त्याच रेंजवर गेलो. तेच अंतर, तीच वाळूची पोती, उघडी साइट, चष्मा लावलेले माझे डोळे. पाच गोळ्यांचा ग्रुप चार इंचांच्या आत. दुसरा ग्रुप तेवढाच, आणि जागाही तीच, हे जास्त महत्त्वाचं. दिवसभरात काडतूस एकदाही अडलं नाही, टरफलं उजवीकडे एका ढिगात पडली. काडतुसं खडकीच्या कारखान्याची, नवी, दुकानातून परवान्यावर नोंद करून घेतलेली. आबांच्या डब्यात जुनी काही होती, पितळ हिरवट पडलेली. ती झाडली नाहीत, जमा करून टाकली. जुन्या काडतुसानं रायफलीची परीक्षा घेऊ नये, आणि जिवाची तर नकोच. रेंजवरून आल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायची सवय मी अजून पाळतो. जुन्या लष्करी काडतुसांच्या कॅपमधला क्षार पाण्यानंच निघायचा, तेलानं नाही. नव्या काडतुसांना त्याची गरज नसेलही, पण हात ऐकत नाही. नंतर 4 बाय 2 इंचांची कोरडी चिंदी, मग तेलाची.

पैशाचा हिशेब विचाराल तर लाकूडकाम 6,000, मॅगझिन, एक्स्ट्रॅक्टर आणि चापाचं मिळून 4,500, पॅड 1,200, ब्लूइंगचे वर सांगितलेच. पावती मिळाली, तिच्यावर रायफलीचा नंबर आहे. भाच्याच्या पाकिटाची किंमत या सगळ्याच्या दुपटीहून जास्त होती.

अशी .315 आपल्या भागात कितीतरी घरांत पडून आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे बारा बोअर, पिस्तूल आणि ही, अशी निवड करायची वेळ आली तेव्हा बऱ्याच जणांनी हीच आधी जमा केली. माझं मत विचाराल तर जमा करण्याआधी लाकूड हलवून बघा. टकटक वाजत असेल तर दोष रायफलीचा नाही. ज्यांना हलकी, आधुनिक, दुर्बिणीची रायफल हवी आहे त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. हिला तसं करायला गेलं की ती ना धड जुनी राहते ना नवी होते. नळी आतूनच खड्ड्याखड्ड्यांची झाली असेल तर मात्र वरच्या कुठल्याही कामावर रुपया घालू नका. मिस्त्रीही ते पहिल्या भेटीत सांगतात, आणि त्यासाठी पैसे घेत नाहीत.

माझ्याकडून काम पाचपैकी चार. एक गुण ब्लूइंग आणि तारखेचा कापला. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचं नेम धरायचं पातं, अजून बाकी आहे. ग्रुप घट्ट झाल्यावर आता स्पष्ट दिसतं की तो मध्यापासून तीनेक इंच वर बसतोय, म्हणजे माशीचं पातं थोडं उंच लागेल. मिस्त्रींना सांगून ठेवलंय. ते संक्रांतीपर्यंत देतो म्हणालेत.